डझनभर केळी दोन दिवसांत काळी, काय करू?

घणसोलीची सून: वाशी मार्केटमधून डझनभर केळी आणली, दोन दिवसांत काळी पडली, आणि सासऱ्यांना बीपी आहे म्हणून रोज एक देते ते बरोबर आहे ना?

कळवेकर: साल काळी म्हणजे केळं खराब नाही हो, शिकरण करा नाहीतर कणकेत कुस्करून गोड पुऱ्या. सफरचंदाजवळ ठेवू नका, त्यातून इथिलीन गॅस निघतो त्याने पटापट पिकतात.

नौपाड्याची मावशी: मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, बीपीला चांगलंच, पण किडनीचा त्रास असेल तर जपून, आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं म्हणून डॉक्टरांना एकदा विचाराच प्लीज.

घणसोलीची सून: थँक्यू मावशी, उद्याच विचारते. सालींचं काय?

कळवेकर: बारीक कापून गुलाबाच्या कुंडीत मातीखाली पुरा, वरच ठेवल्या तर चिलटं येतात.