वाचनालयासाठी सॉफ्टवेअर: क्लाउड घ्यावं, सरकारी घ्यावं की कोहा?

दांडियाबाजार_वाचक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. बडोद्यात आमच्या मंडळाचं छोटं मराठी वाचनालय आहे. साधारण नऊ हजार पुस्तकं, दोनशेच्या आसपास सभासद, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. दोन पीसी आहेत, दोन्हींत सहाव्या पिढीचा आय-३ आणि विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ आठव्या पिढीच्या खालच्या इंटेलवर घ्यायला तयार नाही. म्हणजे चालू पीसी भंगारात काढायचे?

दुसरं दुखणं मोठं आहे. पुस्तकांची देवघेव ज्या प्रोग्रॅमवर चालते तो एका स्थानिक सॉफ्टवेअरवाल्याने फार पूर्वी करून दिला. आता तो म्हणतो, जुना प्रोग्रॅम विसरा, माझं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा प्रोग्रॅम घ्या, दर वर्षी भाडं भरा. आमच्या नोंदी काढून मागितल्या तर पीडीएफ देतो म्हणाला. त्या पीडीएफमधून शीर्षक कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो.

समितीत तीन मतं आहेत. अध्यक्षांना क्लाउड हवं. चिटणीस म्हणतात सरकारी ई-ग्रंथालय बघा, देशी आहे. खजिनदारांचा भाचा कोहा-कोहा करतोय (ग्रंथालयांसाठीचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते), त्यावर अध्यक्षांचं उत्तर, "फुकटच्या वस्तूला उद्या विचारणार कोणाला?" जाणकारांनी सांगावं.

मकरपुरा_मेकॅनिक

क्लाउड घ्या आणि मोकळे व्हा. मी दुकानाचा हिशेब तसाच करतो. भाडं जातं खरं, पण बिघडलं की फोन करायला माणूस असतो. तुमच्याकडे कोणी तंत्रज्ञ दिसत नाही. आणि खरं सांगू, नऊ हजार पुस्तकांना कोहा कशाला? एक्सेलमध्येही भागेल.

रावपुरा_रूट

दांडियाबाजारकर, तीन पर्यायांची तुलना आज करूच नका. आधी त्या सॉफ्टवेअरवाल्याला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या: सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलसकट कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येणारा साधा तक्ता) हव्यात, दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत असा प्रत्येक रकाना वेगळा, सभासदांची यादी वेगळी. पीडीएफ चालणार नाही. पोच घ्या. हे हातात येईपर्यंत त्याच्या क्लाउडचा एक रुपयाही भरू नका, कारण एकदा भरलात की त्याला ती फाइल द्यायचं कारणच उरत नाही.

मी उभी नोकरी एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात काढली. टेपवरून फ्लॉपी, फ्लॉपीवरून सर्व्हर, सगळी स्थलांतरं पाहिली. त्यातून माझं मत असं झालंय की सॉफ्टवेअर फुकट की विकत हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न. आपली माहिती कोणाची परवानगी न घेता, ज्याची रचना छापून जाहीर आहे अशा स्वरूपात बाहेर काढता येते का, हा पहिला. इथे "हो" म्हणणारा पैसे घेत असला तरी मला चालतो. "नाही" म्हणणारा फुकट असला तरी नको.

ही कसोटी चिटणीसांच्या पर्यायाला लावा. ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं आहे, मुळात सरकारी ग्रंथालयांसाठी केलेलं. आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं सोल नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते विद्यापीठं-कॉलेजांसाठी. दोन्ही कामाची आहेत. पण देशी असणं आणि खुलं असणं यांची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. चेन्नईची झोहो देशी कंपनी आहे आणि माल चांगला बनवते, तरी तिचा सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला कोड, बंदच आहे. उलट कोहा सातासमुद्रापारचा, पण त्याची शेवटची ओळसुद्धा तुम्हाला वाचता येते. सरकारने कोरोनाकाळातल्या आरोग्य सेतू अ‍ॅपचा अँड्रॉइड सोर्स मे २०२०मध्ये खुला केला तो लोकांनी प्रश्न विचारून भंडावल्यावर. पहिल्या दिवशी केला असता तर निम्मा गदारोळ झालाच नसता.

कोहा जन्मला कसा ते अध्यक्षांना जरूर सांगा. न्यूझीलंडमधलं होरोव्हेनुआ नावाचं आडगावचं ग्रंथालय. १९९९मध्ये त्यांच्या लक्षात आलं की आपल्या जुन्या प्रणालीला २००० सालच्या तारखा झेपणार नाहीत. नवी विकत घ्यायची तर महाग, म्हणून त्यांनी एका छोट्या कंपनीला पैसे देऊन स्वतःची लिहून घेतली, जानेवारी २०००मध्ये ती सुरू केली आणि जीपीएल परवान्याखाली (कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशी मुभा देणारा परवाना) जगाला देऊन टाकली. पुढे एका अमेरिकी कंपनीने न्यूझीलंडमध्ये कोहा या नावाचाच ट्रेडमार्क मागितला. २०११मध्ये त्यावरून मोठी बोंबाबोंब झाली. नाव गेलं असतं तरी कोड कुठेच जाणार नव्हता, दुसऱ्या नावाने लोकांनी तोच चालवला असता. ओपनऑफिस या सन कंपनीच्या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरचं तेच झालं. सन कंपनी २०१०मध्ये ओरॅकलकडे गेली, त्याच वर्षी कार्यकर्ते बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस उभं राहिलं. "उद्या विचारणार कोणाला" या प्रश्नावर माझा उलट प्रश्न: तुमचा आत्ताचा सॉफ्टवेअरवाला धंदा बंद करून मुलाकडे कॅनडाला गेला, तर तुम्ही कोणाला विचारणार?

आता धोरण. कागदावर आपला देश या बाबतीत मागे नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं. ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) हे प्रमाण २००९मध्येच जाहीर झालं. २०१०मध्ये खुल्या मानकांचं धोरण आलं. २०१५च्या धोरणात तर केंद्राच्या खात्यांनी ओपन सोर्सला पसंती द्यावी आणि ते नको असेल तर का नको त्याचं कारण लिहावं, असं आहे. तुमच्या ट्रस्टवर यातलं काहीच बंधनकारक नाही. पण पत्रात हे तीन साल घाला, सॉफ्टवेअरवाला जरा सरळ बोलेल. माझी तक्रार अशी की कारण लिहायची सोय ठेवली की कारणं लिहिली जातात. मी धोरण केलं असतं तर एकच अट घातली असती: सार्वजनिक पैशातून घेतलेल्या कुठल्याही प्रणालीने आतली सगळी माहिती बाहेर काढून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. कोड मागाहून बघू.

मकरपुरावाले, तुमचं एक्सेलही चालेल बरं का, लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ठेवलंत तर जास्त बरं. सीएसव्ही हातात आल्यावर नऊ हजार नोंदी कुठेही नेता येतात. फक्त देवघेव, दंड, राखीव पुस्तकं कॅल्कमध्ये सांभाळायला लागलात की सहा महिन्यांत तीन वेगवेगळ्या फाइली होतात आणि खरी कोणती ते कोणालाच कळत नाही.

दांडियाबाजार_वाचक

काका, पत्राचा मसुदा आजच करतो. पण अध्यक्षांची शंका मलाही पटते. परदेशातल्या एका मोठ्या शहराने लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी खुली प्रणाली) लावून परत विंडोज घेतलं, असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. आणि कोहा बसवणार कोण? भाचा जूनमध्ये पुण्याला चालला.

रावपुरा_रूट

ते शहर म्युनिक. २००३मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१७मध्ये परत फिरायचं मतदान केलं. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांत मात्र मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकताहेत. मला यात एकच फरक महत्त्वाचा वाटतो: केरळने शिक्षकांनाच तयार केलं. बिघाड झाला तर दुरुस्त करणारा माणूस शाळेतच बसलेला असतो. भाच्याच्या जिवावर मुळीच काही बसवू नका. हुशार भाच्यांनी उभ्या केलेल्या आणि नंतर अनाथ झालेल्या प्रणाली मी भरपूर पाहिल्यात.

पैसे द्यावे लागतील हे समितीला सरळ सांगा. परवाना फुकट, माणसाचं काम विकत. पण एकट्याने का द्यायचे? बडोद्यातल्या माणसाला हे शिकवायला नको. १९१०मध्ये सयाजीराव महाराजांनी ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेतून आणून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं तेव्हा रीत काय होती? गावाने आपला वाटा जमवायचा, तेवढीच भर प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीची काचेची जमीन सगळ्यांना ठाऊक असते, ही वाटणीची रीत कोणाला आठवत नाही. आज शहरात आपल्यासारखी मराठी मंडळं आहेत, गुजराती वाचनालयं आहेत, सगळ्यांचं दुखणं सारखंच. चार-पाच जणांनी मिळून एक तंत्रज्ञ महिन्यातून दोन दिवस ठेवला तर प्रत्येकाचा खर्च क्लाउडच्या भाड्याहून कमी पडेल. एकाच सर्व्हरवर कोहा अनेक शाखा सांभाळतो, ती सोय त्यात आहेच. अनुदानाचं धोरणही खरं तर असंच हवं: वस्तूला पैसे देण्यापेक्षा माणसाला द्या. पण पीसी घेतला की उद्घाटनाचा फोटो निघतो, तंत्रज्ञाचा पगार दिला तर निघत नाही.

सुरसागर_सई

मध्येच बोलते, कारण सीएसव्ही मिळाली तरी तुमचं काम संपत नाही. मी एका जुन्या मासिकाचे अंक युनिकोडमध्ये आणायचं काम करते. तुमचा "कचरा" म्हणजे जुना नॉन-युनिकोड फॉन्ट. त्यात फाइलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चिकटवलेली असतात. कृतीदेव या अशाच फॉन्टमध्ये "भारत" लिहिलं तर आत एच, के, के, जे, आर एवढंच साठतं.

बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, म्हणून फॉन्टचं नेमकं नाव शोधा. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. रफाराचं बरोबर उलट. त्यामुळे "आर्थिक", "धार्मिक", "मार्मिक" असे शब्द हमखास तुटतात. आधी तेवढेच शोधून तपासा, कन्व्हर्टर कितपत चांगला ते लगेच कळतं.

आणि खास मराठी त्रास म्हणजे "वऱ्हाड". त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून (हलन्त देऊन), किंवा साध्या र् नंतर न दिसणारा जोडचिन्हाचा कोड टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. सभासद म्हणतो पुस्तक नाही, पुस्तक कपाटात असतं! सगळ्या नोंदींत एकच तऱ्हा ठरवून घ्या. कोहात शोधाचं काम झेब्रा नावाचा भाग करतो, त्याचं इंडेक्सिंग आयसीयू या युनिकोड समजणाऱ्या पद्धतीवर ठेवायला तंत्रज्ञाला सांगा, नाहीतर देवनागरी शोध धड चालत नाही. नोंदी टाइप करणाऱ्यांना इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिकवा. आमच्याकडच्या आजींना फोनेटिकपेक्षा ते लवकर जमलं, कारण त्यांना इंग्रजी स्पेलिंगचा विचारच करावा लागला नाही.

मकरपुरा_मेकॅनिक

बापरे. म्हणजे क्लाउडवाल्याकडे गेले तरी हा वऱ्हाडचा घोळ राहीलच ना? मग त्यालाही आधी हाच शब्द शोधून दाखवायला सांगा.

रावपुरा_रूट

सईताई, उत्तम. फॉन्टची गोष्ट पत्रात घालायला हवी: "डेटा कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते लेखी कळवावे." मकरपुरावाल्यांची परीक्षाही झकास आहे, डेमोच्या दिवशी तिन्ही पर्यायांना लावा.

पीसींबद्दल: भंगारात काढू नका. एकावर डेबियन आणि कोहा, दुसऱ्यावर लिनक्स मिंट (डेबियन, मिंट हे लिनक्सचेच प्रकार) आणि फायरफॉक्स. काउंटरवरच्या माणसाला फक्त ब्राउझर लागतो. दोन्हींत एसएसडी आणि आठ जीबी रॅम टाका. डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री आपोआप दुसऱ्या पीसीवर गेला पाहिजे आणि आठवड्याची एक प्रत वाचनालयाबाहेर. तो बॅकअप परत चढवून बघितल्याशिवाय तंत्रज्ञाचं बिल देऊ नका.

दांडियाबाजार_वाचक

सर्वांचे आभार. पत्र रविवारच्या सभेत ठेवतो, सोबत वाटणीची कल्पनाही. शेजारच्या गुजराती वाचनालयाचे मंत्री, म्हणजे चिटणीस, ओळखीचे आहेत, त्यांनाही बोलावतो. एक राहिलंच: आमचा बारकोड स्कॅनर जुना आहे, विंडोजची सीडी सोबत आलेली. तो लिनक्सवर चालेल?

सुरसागर_सई

यूएसबी असेल तर बहुतेक चालेल. असे स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतात, सीडी लागत नाही. कुठल्याही लिनक्स पीसीला लावा, टेक्स्ट एडिटर उघडा आणि एका पुस्तकावरचा बारकोड वाचवून बघा. आकडे उमटले की झालं.