मलेशिया: पेनांग की मलाक्का? मदत हवी आहे

मंडळी, दिवाळीनंतर जळगावहून आई-नानांना घेऊन आठवडाभर मलेशियाला चाललोय, क्वालालंपूरचं तिकीट झालंय. क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्हजच्या (गुहेतलं मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं देऊळ) २७२ पायऱ्या नानांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, मुरुगनची मूर्ती खालूनच बघू. पूर्वेकडची बेटं नोव्हेंबरच्या पावसामुळे कटाप. अडलंय ते पेनांग की मलाक्का इथे, पेनांगचं जॉर्जटाउन शहर आणि मलाक्का दोन्ही २००८ पासून युनेस्कोच्या यादीत, चिनी देवळं, मशिदी, जुने वाडे दोन्हीकडे, व्हिडिओ बघून डोकं फिरलं राव, सगळे नुसतं खाणंच दाखवतात आणि आई पक्की शाकाहारी (ती म्हणते शेव-लोणचं नेऊ, झालं!). मलाक्का बसनं दोनेक तास, पेनांगला बटरवर्थपर्यंत ट्रेननंच चारेक तास आणि पुढे फेरी. गाडी चालवणार नाही. कमी चालणं आणि शाकाहारी जेवण बघता पेनांगला दोन रात्री द्याव्यात, की मलाक्का एका दिवसात उरकावं?