'एक्स्प्रेशन'ला काय म्हणावं? (शेळीच्या दुधातली फॅट आणि जनुकं)

दोनधारा : शेळीपालकांसाठीच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. विषय : दुभत्या शेळ्यांच्या दुधातली फॅट जनुकं कशी ठरवतात. दोन ठिकाणी अडलंय. 'जीन एक्स्प्रेशन'ला (जनुकातल्या माहितीवरून पेशीत आरएनए आणि प्रथिन तयार होणं) कोशांत 'अभिव्यक्ती' मिळतं. पण 'कासेतल्या पेशींत जनुकाची अभिव्यक्ती वाढते' या वाक्यातून शेळीवाल्याला काय बोध होणार? दुसरा शब्द 'रेग्युलेशन' : नियमन की नियंत्रण? फ्रान्समधल्या सानेन आणि अल्पाइन शेळ्यांत डीजीएटी१ जनुकातल्या बदलांमुळे फॅट घटते, हेही मूळ लेखात 'रेग्युलेशन'खालीच आहे.

निरुक्त : 'अभिव्यक्ती'त चूक काहीच नाही. जे आहे पण दिसत नाही, ते व्यक्त होणं. नियमन आणि नियंत्रण, दोन्हींच्या मुळाशी 'यम्'च आहे, पण नियंत्रणात बाहेरून आवर घालण्याचा भाव आला. पेशी आपलं आपण मोजूनमापून करते, म्हणून नियमन. आणि 'फॅट' कशासाठी? 'स्निग्धांश' आहे ना.

पेशीजाल : शब्द ठरवण्याआधी मूळ लेखातला घोळ सोडवा. डीजीएटी१ हे एक विकर (एन्झाइम) तयार करणारं जनुक. दोन मेदाम्लं जोडलेल्या ग्लिसरॉलला तिसरं जोडून फॅट पूर्ण करायचं शेवटचं काम ते विकर करतं. २०१७ साली फ्रेंच शेळ्यांत त्यात दोन उत्परिवर्तनं (जनुकातले बदल) दाखवली गेली : विकराच्या अमिनो आम्लांच्या साखळीत ३९६व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन, आणि २५१व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन. दोन्हींत विकराचं काम मंदावतं आणि फॅट उतरते. इथे विकरच बदललं, त्याचं प्रमाण नव्हे. याला नियमन म्हणू नका, 'जनुकातला बदल' म्हणा.

नियमनाचं खरं उदाहरण मिर-२७ए हा सूक्ष्म आरएनए, म्हणजे दुसऱ्या जनुकांचं काम दाबणारा छोटा रेणू. चीनमधल्या शिनोंग सानेन शेळ्यांच्या कासेतल्या पेशींत तो वाढवला की फॅट बनवणारी जनुकं चालवणारं पीपीएआर-गॅमा दबतं आणि फॅट बनणं कमी होतं. जनुक तेच, चालणं कमी.

तिसरं उदाहरण अल्फा-एस१ केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या जनुकाचं. या जनुकाची वेगवेगळी रूपं, म्हणजे विकल्प, असतात : ए, बी, सी विकल्पांच्या प्रत्येक प्रतीमागे लिटरला सुमारे ३.६ ग्रॅम केसीन, ई मागे १.६, एफ मागे ०.६, ओ मागे शून्य. 'ई'मध्ये डीएनएच्या ४५७ अक्षरांचा तुकडा मध्येच घुसलेला आहे, त्यामुळे आरएनएच कमी उरतो. दुबळ्या विकल्पांच्या शेळ्यांत फॅटही कमी असते. इथे बदल जनुकातच, पण परिणाम प्रमाणावर. अनुवादात हे तीन प्रकार वेगळे दिसलेच पाहिजेत.

दोनधारा : मग 'एक्स्प्रेशन'ला 'जनुक चालणं' चालेल?

निरुक्त : बोलताना चालेल, लेखात नको. दहावीच्या पुस्तकात प्रतिलेखन (जनुकावरून आरएनए), भाषांतरण (आरएनएवरून प्रथिन) असे शब्द रुळलेत. मुलांना ते कळतात, तर मोठ्यांना का कळू नयेत?

संकलनकेंद्र : स्निग्धांशाबद्दल बोलतो. दुधाला फॅट 'लागते'. 'स्निग्धांश लागत नाही' असं कोणत्याच संकलनावर ऐकू येणार नाही. क्रियापदासकट रुळलेला शब्द उपटू नका.

निरुक्त : 'लागते' का 'लागतं'? परका शब्द घेतला की लिंगाचाही पत्ता नसतो. मेद पुल्लिंगी, चरबी स्त्रीलिंगी, तिथे संशय नाही.

संकलनकेंद्र : काही भागांत 'लागते', काही भागांत 'लागतं'. दोन्हीकडे दर बरोबर निघतो.

रानवारा : मेदाम्लांवरून आठवलं. कॅप्रॉइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही तिन्ही नावं लॅटिन 'काप्रा' म्हणजे शेळीवरून आली आहेत. अनुक्रमे ६, ८ आणि १० कार्बनची. शेळीच्या दुधात ती गाईच्या दुधापेक्षा बरीच जास्त असतात. मराठीत 'अजाम्ल' (अजा म्हणजे शेळी) करावं असं मला फार वाटतं : अजाम्ल-६, अजाम्ल-८, अजाम्ल-१०. आकड्यातच कार्बन कळतील, आज नावांत होणारा गोंधळही टळेल.

पेशीजाल : ८ आणि १० वाली खोबरेल तेलातही असतात. तिथे 'अजाम्ल' वाचून ग्राहक बिचकेल.

रानवारा : लॅटिनमध्ये कोणी बिचकत नाही, तर मराठीतच का? शिवाय वासाचं स्पष्टीकरण सोपं होतं. ही आम्लं ग्लिसरॉलला जोडलेली असतात तोवर उग्र वास नसतो. लायपेज या फॅट तोडणाऱ्या विकराने सुटी झाली की येतो. दूध कोमट ठेवून घुसळलं, हिंदकळलं की तेच होतं. काढल्याबरोबर ४ अंशांपर्यंत गार करायचं ते यासाठीच.

दोनधारा : 'अभिव्यक्ती'चं काय ठरलं?

संकलनकेंद्र : लेखात फॅट मोजणार कशी, तेही लिहा, नाहीतर जनुकाला फुकट दोष जाईल. ब्युटिरोमीटरात (फॅट मोजायच्या काचेच्या नळीत) आधी १० मिली सल्फ्यूरिक अ‍ॅसिड, मग १०.७५ मिली दूध नळीच्या कडेने हळू, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून साकळलेलं दूध विरघळेपर्यंत हलवा, फिरत्या यंत्रात मिनिटाला ११०० फेऱ्यांवर ५ मिनिटं फिरवा, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचा. दूध एकदम ओतलं तर फॅटखाली काळे कण, अ‍ॅसिड पातळ असेल तर पांढरे. आणि नमुना पूर्ण पिळलेल्या, ढवळलेल्या दुधाचा. पहिल्या धारांत फॅट सर्वांत कमी, शेवटच्या धारांत सर्वांत जास्त.

निरुक्त : 'शेवटच्या धारांत स्निग्धांश जास्त' हे वाक्य कुठे अडतं, ते दाखवा.