शब्दचर्चा: 'युवा नेता', 'धुरीण' की 'साथी'?

प्रश्न

राष्ट्रीय सेवा योजनेत माझं हे दुसरं वर्ष. आमचं सात दिवसांचं विशेष शिबिर यंदा भामरागड तालुक्यातल्या एका माडिया आदिवासींच्या गावात आहे आणि पंचवीस जणांच्या गटाची जबाबदारी माझ्यावर आली आहे. माझ्या बिल्ल्यावर 'युवा नेता' आणि फलकावर 'अंतर सांस्कृतिक समाजसेवा' असं छापायचं ठरतंय. दोन्ही शब्द मला खटकतात, पण का खटकतात ते नेमकं मांडता येत नाही. शिवाय मी मुलगी, म्हणजे 'नेत्री' म्हणायचं की 'नेत्या'? कृपया मदत करा.

प्रतिसाद १

आधी फलकाचं बघू, कारण तिथे सरळसरळ चूक आहे. दोघांच्या किंवा अनेकांच्या मधलं ते 'आंतर': आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय. एकाच्याच आतलं ते 'अंतर्': अंतर्गत, अंतर्मन. आणि सुटं 'अंतर' म्हटलं की मराठी माणसाला दुरावाच आठवतो, 'आमच्यात अंतर पडलं' म्हणतो तसा. तेव्हा 'आंतरसांस्कृतिक' असं जोडून लिहा.

या 'आंतर'ला आपल्याकडे मोठा वारसा आहे. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते तेव्हा दक्षिणेतल्या सोबत्यांची भाषा आपल्याला येत नाही याची त्यांना खंत वाटली. ते तमिळ शिकले, पुढे तिरुक्कुरल हा तमिळ ग्रंथ मराठीत आणला. आंतरभारतीची, म्हणजे वेगवेगळ्या प्रांतांनी एकमेकांची भाषा नि संस्कृती जाणून घेण्याची, त्यांची कल्पना याच ओढीतून वाढली. शेजाऱ्याची भाषा शिकणं हेच त्यांच्या लेखी पहिलं सेवाकार्य होतं, असं मला वाटतं.

प्रतिसाद २

ताई, बिल्ल्याबद्दल मी अनुभवाने सांगतो.

'नेता' हा संस्कृत 'नी' धातूवरून आला, आपलं 'नेणं' त्याच कुळातलं. नेता म्हणजे नेणारा. मग बाकीचे कोण? नेले जाणारे. परक्या गावात पाऊल ठेवताना छातीवर हे लावून जायचं का, हा खरा प्रश्न आहे. 'पुढारी' एके काळी पूर्ण आदराचा शब्द होता, आता 'पुढारीपणा करू नकोस' असं म्हणतात. 'म्होरक्या' तर 'म्होरं'वरून आलेला किती छान गावरान शब्द! पण वर्तमानपत्रांनी तो टोळीला बांधून टाकला, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी विशीत असताना अशाच एका शिबिरात माझी ओळख 'युवा नेते' म्हणून करून दिली गेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या पक्षाचे?" त्यांना खरोखरच माहिती हवी होती. पुढचे दोन दिवस आमच्याशी कुणी मोकळं बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी नाल्यावर वनराई बंधारा घालायला घेतला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि पोती विटांसारखी सांधे चुकवून रचायची. जागा मी ठरवली होती. दोन थर झाल्यावर एक आजी आली, हातातली काठी काठावर टेकवली आणि आम्हाला वर बोलावलं. मातीत झाडांची मुळं उघडी पडली होती. पावसाळ्यात पाणी तिथून कड फोडून निघतं, हे तिने हातवारे करून दाखवलं. तिची भाषा मला येत नव्हती, तरी कळायचं ते सगळं कळलं. आम्ही सगळी पोती उचलून वीस पावलं वर नेली. त्या दिवशी गटाला नेणारी ती होती, मी पोती वाहणारा होतो.

म्हणून मला 'धुरीण' हा शब्द जवळचा वाटतो. धुर् म्हणजे जू. ते खांद्यावर घेतो तो धुरीण. 'धुरा सांभाळणं' आपण म्हणतो ते यातूनच. आमच्या विदर्भात बैलगाडी हाकणारा तो धुरकरी. आणि 'धुरा' म्हणजे दोन वावरांमधला बांधही. हा दुसरा अर्थ तुमच्या कामाला फार लागू पडतो: दोन्हीकडची माणसं जिथे येऊन बोलतात, कधी भांडतातही, ती जागा. मात्र 'धुरीण' बिल्ल्यावर नको. विशीतल्या मुलीला तो जड होईल, आणि आज 'समाजधुरीण' म्हटलं की सभेतल्या पहिल्या रांगेतली माणसंच आठवतात.

लिंगाचं म्हणाल तर 'नेत्री' व्याकरणाने बरोबर आहे, 'नेत्या' हे वर्तमानपत्री आदरार्थी रूप. 'साथी' म्हणा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. राष्ट्र सेवा दलात एकमेकांना साथी म्हणण्याची रीत आहे आणि तो शब्द मुलामुलींना सारखाच लागतो.

प्रतिसाद ३

'साथी' मलाही आवडला, पण कामाची वाटणी कुणी करायची हे गावाला कळायला हवं. त्यासाठी 'गटप्रमुख' साधा आणि स्पष्ट आहे, शिवाय स्त्री-पुरुष दोघांना चालतो.

एक वेगळी गोष्ट सुचवतो. युवा नेतृत्व आपण तिकडे घेऊन चाललोय असं समजू नका. शेजारच्या बस्तरमधल्या मुरिया आदिवासींच्या घोटुलात, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामाईक घरात, मुलांचा प्रमुख 'सिरदार' आणि मुलींची प्रमुख 'बेलोसा' अशी पदं होती. लाकूडफाटा कुणी आणायचा, झाडलोट कुणाची, गावातल्या लग्नाला हात लावायला कोण जाणार, हे सगळं तिथली तरुण मंडळीच बघायची. माडिया गावातलं गोटूल वेगळ्या वळणाचं, ती गावाची बैठकीची आणि पाहुणे उतरण्याची जागा. तेव्हा मुरियांचे शब्द माडियांवर चिकटवू नका. तिथे गेल्यावर तिथल्यांनाच विचारा.

'समाजसेवा'ही मला थोडा अडतो. सेवा म्हटलं की एक देणारा आणि एक घेणारा होतो. आपल्याच शेतकऱ्यांकडे इर्जिक आहे, सावड आहे. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी गावांत भातखाचरं घडवायला पडकई करतात. झाबुआच्या भिल्लांत हलमा आहे. आज तुझ्या कामाला मी, उद्या माझ्या कामाला तू. यातला एखादा शब्द फलकावर आला तर मला आनंद होईल.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बिल्ल्यावर 'गटप्रमुख' आणि फलकावर 'आंतरसांस्कृतिक श्रमशिबिर' करायचं आज मान्य झालं. 'इर्जिक' सुचवला होता, पण आमच्यातल्या निम्म्या मुलांनी तो ऐकलेलाच नव्हता, म्हणून पहिल्या रात्री त्यावरच बोलायचं ठरवलंय. फलकाच्या खाली एक ओळ कोरी सोडली आहे. एकमेकांच्या कामाला जाण्याला माडियात काय म्हणतात ते गोटुलात विचारीन आणि तिथल्याच कुणाच्या तरी हातून ती ओळ भरून घेईन. परत आल्यावर तो शब्द इथे लिहिते.