नवरा न्यू जर्सीत, मी पुण्यात, तिकडच्या वकिलाचा ईमेल आलाय. शनिवारी पहिल्यांदा वकिलांना भेटायचंय, तयारी कशी करू?

कृष्णाकाठ_८९
नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या. लग्न २०१७ ला साताऱ्यात झालं, हिंदू पद्धतीने, रजिस्टरपण केलंय. मग न्यू जर्सी, नवरा एच-१बी वर (नोकरीचा व्हिसा) आणि मी एच-४ वर (त्याची बायको म्हणून मिळणारा), लेक तिकडेच झाली, आता साडेचार वर्षांची आहे. मागच्या दिवाळीच्या आधी घरातले वाद फारच वाढले म्हणून मी तिला घेऊन आईकडे पुण्याला आले, परतीचं तिकीट होतं पण गेले नाही. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या वकिलाचा ईमेल आला, सोबत डिव्होर्सची कम्प्लेंट आणि एक फॉर्म, कागद मिळाले अशी पोच देणारा, त्यावर सही करून स्कॅन पाठवा म्हणतात. नवरा व्हॉट्सॲपवर रोज लिहितोय की नुसती फॉर्मॅलिटी आहे, सही कर म्हणजे सगळं शांतपणे मिटेल.

सही केलेली नाही अजून. शनिवारी शिवाजीनगरला एका वकील मॅडमची पाऊण तासाची वेळ मिळालीय. बाबा म्हणतात मीपण आत बसतो. मला भीती एवढीच की बोलायला लागले की रडू येतं आणि महत्त्वाचं तेच राहून जातं. काय न्यायचं, काय विचारायचं, कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

गोदावरी_नाशिक
ताई, आधी पाणी पी आणि त्या फॉर्मवर शनिवारपर्यंत सही नको, त्याला एवढंच लिही की कागद वकिलांना दाखवून कळवते, त्यापुढे एक शब्द नको, भांडणही नको आणि समजावणंही नको.

माझं टेक्सासचं होतं, सहा वर्षं झाली त्याला. पहिल्या मीटिंगला मी चाळीस मिनिटं सासूबाई काय बोलल्या, नणंद काय बोलली हेच सांगत बसले, वकील सर ऐकून घेत होते बिचारे, आणि शेवटी त्यांनी विचारलं की भारतात परत आलात ती तारीख कोणती, तर मला महिना सांगता आला पण तारीख नाही. घरी येऊन भाच्याच्या गणिताच्या वहीतलं पान फाडलं आणि डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला एक ओळ असं लिहीत गेले. लग्न, व्हिसा, कुठल्या पत्त्यावर कधीपासून कधीपर्यंत राहिलो, मुलाचा जन्म, पहिल्यांदा हात उचलला तो दिवस, परत आले तो दिवस, शेवटचे पैसे त्याने कधी पाठवले. पुढच्या भेटीत ते पान सरांच्या पुढ्यात ठेवलं आणि ते पेन घेऊन खुणा करायला लागले, माझ्या तोंडून फारसं काही निघायची गरजच उरली नाही. तू हे पान आजच लिही, रडू आलं तरी पान बोलेल तुझ्यासाठी.

बाकी कागद म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट, लग्नाची पत्रिका, तिघांचे पासपोर्ट आणि व्हिसाची पानं, तो ईमेल पीडीएफसकट प्रिंट काढून (कोणत्या दिवशी आला ते दिसायला पाहिजे), बँकेची स्टेटमेंट. ओरिजिनल घरीच, झेरॉक्सचे दोन सेट ने. आणि दागिने. माझे पाटल्या, तोडे, आजीची ठुशी सासरच्या लॉकरमध्ये राहिले होते, पावत्या नव्हत्या, तेव्हा लग्नातले आणि पहिल्या मंगळागौरीचे फोटो मोठे करून प्रत्येक दागिन्यावर नंबर टाकून यादी केली. स्त्रीधन आपलं स्वतःचं असतं, ते संसारात वाटून घ्यायचं नसतं, पण काय काय होतं ते दाखवावं लागतं.

काळाकोट_शिवाजीनगर
फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करतो. तुमची केस तुमच्या वकील मॅडमच बघतील, मी फक्त शनिवारी कशावर बोलणं व्हायला हवं ते सांगतो, कारण पहिल्या भेटीत लोक पोटगी किती मिळेल इथून सुरुवात करतात आणि अशा केसमध्ये खरा प्रश्न असतो की केस कुठल्या देशात चालणार.

सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा निकाल आहे, त्याबद्दल मॅडमना आवर्जून विचारा. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल तर परदेशी कोर्टाचा घटस्फोट इकडे आपोआप मान्य होत नाही. पण समोरच्याने स्वखुशीने त्या कोर्टापुढे जाऊन केस लढवली किंवा संमती दिली तर चित्र बदलू शकतं. त्यामुळे काय सही केलं, कोणाला काय ईमेल केला, याला फार महत्त्व आहे. ‘फॉर्मॅलिटी’ म्हणून आलेला कागद कोर्टात कशासाठी वापरला जाईल हे वाचूनच ठरवायचं.

दुसरं, भारत हेग सर्व्हिस कन्व्हेन्शनमध्ये आहे (एका देशातल्या कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात बजावण्याचा करार) आणि परदेशातल्या कोर्टाचे कागद पोस्टाने थेट पाठवायला आपला आक्षेप आहे, ते केंद्रीय कायदा मंत्रालयामार्फत यायला हवेत. तुम्हाला फक्त ईमेल आलाय, मग पोचेवर सही का हवी आहे ते तुमच्या लक्षात येईल. पण म्हणून गप्प बसून राहू नका, ही चूक मी फार वेळा बघितली आहे, इकडे मान्य होणार नाही म्हणून बाई निवांत राहते आणि तिकडे एकतर्फी ऑर्डर होऊन जाते, पैशाची आणि मुलाच्या ताब्याचीसुद्धा.

इकडे केस करायची तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न झालं ते ठिकाण चालतं, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते तिथेही करता येते, म्हणजे सातारा किंवा पुणे. दोघांचं जमत असेल तर त्याच कायद्याचं कलम १३-ब, परस्पर संमतीचा घटस्फोट, त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं आणि अर्जानंतर थांबायचे सहा महिने कोर्ट योग्य वाटलं तर माफ करू शकतं (२०१७ चा अमरदीप सिंग निकाल).

व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, त्याचे मेसेज आपोआप गायब व्हायचं सेटिंग चालू असेल तर आजच एक्स्पोर्ट करून ठेवा, फोनही बदलू नका. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायला नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. त्याचे पासवर्ड माहीत असले तरी त्याच्या अकाउंटमध्ये शिरू नका.

बाबांना बाहेर बसवा. वडिलांसमोर काही गोष्टी मुली बोलत नाहीत आणि नेमकं तेच आम्हाला कळायला हवं असतं. तुमच्या बाजूने वाईट दिसेल असं काही असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा. वकालतनाम्यावर (वकीलपत्रावर) त्याच दिवशी सही करायलाच हवी असं नाही, फी कशाकशाची आणि तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर येणार, विचारून घ्या. फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

एडिसनकर
वकील साहेबांनी भारतातली बाजू सांगितली, मी अमेरिकेतून लिहितोय, वकील नाही पण माझ्या बहिणीचं इथेच न्यू जर्सीत झालं आणि सगळी कागदपत्रं मीच सांभाळली. पुण्याच्या वकिलांबरोबर इथल्या एका अटर्नीशी एकदा तरी बोलावंच लागेल, कारण इथे कागद रीतसर बजावल्यावर उत्तराला ३५ दिवस मिळतात आणि ते गेले की समोरचा डिफॉल्ट, म्हणजे एकतर्फी ऑर्डर, मागू शकतो. तुमच्या बाबतीत ते ३५ दिवस सुरू झालेत का हाच पहिला प्रश्न विचारा. व्हिडिओ कॉलवर होतं हे, आणि तेव्हाही खोलीत दुसरं कोणी नको, वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहायला हवं. न्यू ब्रन्सविकला मानवी म्हणून संस्था आहे, १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, त्यांना फोन करा.

लेकीच्या ताब्याचा विषय तारखांवरच फिरतो. ताब्याची केस इथल्या कोर्टात चालेल का हे ठरवायला इथला कायदा बघतो की केस दाखल व्हायच्या आधीचे सहा महिने मूल कुठे राहत होतं. तुम्ही दिवाळीआधी आलात म्हणता, त्याने दाखल कधी केली ते कम्प्लेंटच्या पहिल्या पानावर शिक्का असेल, मधे किती दिवस गेले ते मोजा. त्यासाठी बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा इमिग्रेशनचा शिक्का, शाळेची ॲडमिशन, लसीकरणाचं कार्ड हे सगळं काढा. तो म्हणेल तात्पुरत्या गेल्या होत्या, परतीचं तिकीट दाखवेल, म्हणून त्याचा ‘राहा तिकडे’ असा एखादा मेसेज असेल तर शोधाच. भारत मुलांच्या अपहरणाबाबतच्या हेग करारात नाही, पण म्हणून काळजी नाही असं समजू नका, भारतातली कोर्टंही मुलाचं हित बघतात आणि मुलाला परत पाठवायच्या ऑर्डरही झालेल्या आहेत.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. तिचा अमेरिकन पासपोर्ट. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो आणि सोळाच्या आत नवा काढायला दोन्ही आईवडिलांची संमती लागते. साडेचार वर्षांची आहे म्हणजे संपत आला असेल. आजच बघा.

पैशाचं म्हणाल तर दोघांनी मिळून भरलेले टॅक्स रिटर्न, त्याचं ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीसाठीचं खातं), कंपनीचे शेअर्स, जॉइंट अकाउंट, हे सगळं इथल्या कोर्टात मोजलं जातं. आणि डिव्होर्स झाला की एच-४ संपतो, परत यायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या.

कृष्णाकाठ_८९
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री हे वाचून पहिल्यांदा नीट झोप लागली. पासपोर्ट काढून बघितला, तीन महिने राहिलेत. मला ध्यानीमनी नव्हतं. बोर्डिंग पास तिच्या गोष्टीच्या पुस्तकात खूण म्हणून सापडला, २१ ऑक्टोबर, आणि कम्प्लेंटवर २ मेचा शिक्का आहे, दोनदा मोजले, सहा महिन्यांहून अकरा दिवस जास्त होतात. नोव्हेंबरचा त्याचा एक मेसेजपण मिळाला, ‘तुला हवं तितकं राहा, इथे यायची घाई नको’.

तारखांचं पान झालं लिहून, पुढचीमागची मिळून दोन बाजू भरल्या. बाबांना सांगितलं की तुम्ही बाहेर बसा, त्यांना वाईट वाटलं पण हो म्हणाले, लेकीला घेऊन संभाजी बागेत थांबतील. गोदावरी ताई, ठुशीचे फोटो आईने आत्ताच अल्बममधून काढून ठेवलेत. शनिवारी मॅडमना सगळ्यात आधी पासपोर्टचं विचारते, मग पोचेच्या फॉर्मचं, आणि संध्याकाळी इथे लिहिते.