मदत हवी आहे: बोइंग २७०७ चे फिरते पंख नेमके कुठे अडले?

मंडळी, कॉंकॉर्डला टक्कर द्यायला अमेरिकेने आखलेल्या आणि कधीच न उडालेल्या बोइंग २७०७ या आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानाबद्दल वाचतोय. एका जागी घोडं अडलंय. विमानाच्या रचनेतलं कळणाऱ्यांनी जरा हात द्यावा.

१९६६ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने लॉकहीड कंपनीचा एल-२००० हा स्पर्धक आराखडा बाजूला ठेवून बोइंगला पसंती दिली. लॉकहीडचा पंख पक्का, दुहेरी त्रिकोणी. बोइंगचा फिरता: उडता-उतरताना पसरायचा, वेग घेतला की मागे नेऊन शेपटीला भिडवायचा. कल्पना झकास. पण १९६८ मध्ये बोइंगनेच ती सोडली आणि पक्क्या त्रिकोणी पंखाचं २७०७-३०० पुढे केलं. म्हणजे हरलेल्याच्याच वाटेला लागले की! (बोइंगने आडवी शेपटी वेगळी ठेवली, एल-२००० ला ती नव्हती, हे ठाऊक आहे. तरीही.)

जिथे पाहावं तिथे 'वजन वाढलं' या दोन शब्दांत विषय संपवलाय. मला त्या वजनाचा हिशोब हवाय. जड काय होतं, नुसती बिजागरी, की पंखांचा सगळा भार त्या दोन ठिकाणांवरून धडात उतरवायला लागणारा मधला सांगाडा? चारही इंजिनं शेपटीखाली गेली होती. नाकामागे छोटे पंख नंतर चिकटवले ते त्यामुळे बिघडलेला तोल सावरायलाच का? आणि एफ-१११ या अमेरिकी लढाऊ विमानाचे फिरते पंख १९६४ पासून उडत होते, मग इथेच काय नडलं? आवाजाच्या २.७ पट वेगाला ॲल्युमिनियम तापून टिकत नाही म्हणून टायटॅनियम घेतलं होतं, त्याचा बिजागरीवर काही परिणाम?

कृपया 'सोनिक बूम (आवाजापेक्षा वेगाने उडताना होणारा धमाका) आणि पर्यावरण' हे उत्तर नको. १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने मुद्दाम धमाके करून पाहिले, मार्च १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) पैसे बंद केले, हे सगळं वाचून झालंय. माझा प्रश्न त्या आधीचा आहे.

जाता जाता: एअर इंडियानेही २७०७ साठी दोन विमानांचा नंबर लावून ठेवला होता. मुंबईत तेव्हा नोकरीत असलेल्या कुणाच्या घरी त्या काळचं कात्रण किंवा माहितीपत्रक पडलं असेल तर फोटो नक्की टाका.

इंग्रजी दुवे चालतील, पण समीकरणं टाकलीत तर सोबत दोन ओळी समजावूनही सांगा. मी कॉमर्सवाला आहे.