शब्दचर्चा: ‘५० वा अंक’ की ‘अंक क्र. ५०’? शिवाय ‘सोलो’ आणि ‘टीम-अप’

खिळेजुळारी
मार्व्हलच्या ल्यूक केज या सुपरहिरोच्या प्रकाशन-इतिहासाचा मराठी मजकूर तयार करतोय. एका वाक्यावर गाडी अडली आहे. मी लिहिलं होतं: “एप्रिल १९७८ मध्ये ‘पॉवर मॅन अँड आयर्न फिस्ट’चा ५० वा अंक आला आणि केजची सोलो मालिका टीम-अप मालिका झाली.” तपासणाऱ्यांनी ‘५० वा’वर काट मारून ‘पहिला’ केलं.

भानगड अशी आहे. जून १९७२ मध्ये ‘ल्यूक केज, हीरो फॉर हायर’ सुरू झालं. १६ अंकांनंतर नाव बदललं. फेब्रुवारी १९७४ चा अंक क्र. १७ ‘ल्यूक केज, पॉवर मॅन’ या नावाने निघाला (पॉवर मॅन म्हणजे केजच). क्र. ४९ पर्यंत तेच नाव चाललं. क्र. ५० पासून आयर्न फिस्ट हा मार्व्हलचा दुसरा सुपरहिरो नावात आला आणि सप्टेंबर १९८६ ला क्र. १२५ वर सगळं बंद. नावं तीन, क्रमांक मात्र १ ते १२५ सलग. मग एप्रिल १९७८ चा अंक ५० वा की पहिला? आणि ‘सोलो’, ‘टीम-अप’ यांना बरे मराठी शब्द आहेत का?

काकदृष्टी
तुमचं चुकलं आणि तपासणाऱ्यांचंही. ‘वा’ लावला की मोजणी होते, ‘क्रमांक’ म्हटलं की ते नुसतं नाव असतं. घर नंबर ५० हे गल्लीतलं पन्नासावं घर असेलच असं नाही. त्यामुळे “अंक क्र. ५० पासून नाव ‘पॉवर मॅन अँड आयर्न फिस्ट’ झालं” एवढंच लिहा.

‘वा’मुळे पुढे हिशेबही बिघडतो. “पॉवर मॅन अँड आयर्न फिस्ट १२५ अंक चाललं” असं छापलेलं सर्रास दिसतं. त्या नावाचे अंक ५० ते १२५, म्हणजे ७६. १२५ मधून ५० वजा करून ७५ लिहिणारेही भेटतात, त्यांनी पहिला अंकच गिळलेला असतो. १६ + ३३ + ७६ = १२५, असा ताळा करून मगच वाक्य लिहावं. आणि वार्षिकांक या मोजणीत धरू नका. १९७६ च्या ‘पॉवर मॅन’ वार्षिकांकाचा क्रमांक वेगळा, १ पासूनचा आहे.

दगडी छाप
‘नाव बदललं’ हा शब्दप्रयोगही दोन्ही ठिकाणी सारखा चालणार नाही. मराठीला हा फरक चांगला ठाऊक आहे, मराठवाडा विद्यापीठामुळे. मागणी नामांतराची होती, १४ जानेवारी १९९४ ला झाला तो नामविस्तार. क्र. १७ ला ‘हीरो फॉर हायर’ गेलं, ‘पॉवर मॅन’ आलं, म्हणजे नामांतर. क्र. ५० ला ‘पॉवर मॅन’ राहिलं, पुढे आणखी एक नाव जोडलं गेलं, म्हणजे नामविस्तार.

सावळागोंधळ
कॉमिकसाठी तो शब्द वापरणं मला खटकतं. त्या शब्दामागे माणसांचे जीव गेलेत.

दगडी छाप
मुद्दा रास्त आहे. ‘नावात भर पडली’ म्हणा. फरक मात्र दाखवा, नाहीतर केज आपल्याच मालिकेतून गेला असं वाटतं.

टिंबटिंब
क्रमांक पुढे का चालवत, हे कळलं की शब्द निवडणं सोपं जातं. अमेरिकेत नियतकालिकांना टपालाचा स्वस्त दर मिळे, त्याला ‘सेकंड क्लास’ म्हणत. नवं नियतकालिक काढलं की त्यासाठी नवा अर्ज आणि नवं शुल्क. त्यापेक्षा चालू नियतकालिकाचं नाव बदलून क्रमांक पुढे ओढणं परवडे. ही जुनी सवय. शिवाय वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर मोठा क्रमांक म्हणजे खपणारा माल, आणि १ हा आकडा म्हणजे टिकेल की नाही याची खात्री नसलेला. पुढे खास कॉमिकची दुकानं आली, तिथला माल परत घेतला जात नसे. गिऱ्हाईक संग्राहक झालं आणि गणित उलटलं. १ हाच आकडा खपायला लागला. म्हणून १९९२ मध्ये केज परतला तो क्र. १२६ घेऊन नाही, ‘केज’ क्र. १ घेऊन. ती मालिका २० अंकांत आटोपली.

आणखी एक. ‘एप्रिल १९७८ मध्ये अंक आला’ हेही काटा. मुखपृष्ठावरचा महिना अंक बाजारात येण्याचा नसतो, विक्रेत्याने अंक मांडणीवरून कधी उतरवायचा याची ती खूण. प्रत्यक्ष विक्री दोन-तीन महिने आधी सुरू व्हायची. “एप्रिल १९७८ चा अंक” म्हणा, “एप्रिलमध्ये आला” नको.

शुद्धमती
मूळ प्रश्न शब्दांचा होता, तिकडे वळू या. ‘सोलो’ला ‘एकल’ हा शब्द तयार आहे. ‘टीम-अप’ला ‘सहनायकी’. मालिकेचे प्रकार दोन: एकल आणि सहनायकी. उगाच सोलो-बिलो कशाला?

सावळागोंधळ
‘एकल’ ऐकलं की सरकारी परिपत्रक डोळ्यांसमोर येतं. एकल पालक, एकल महिला. ल्यूक केजला कुठली योजना लागू करायची आहे?

दगडी छाप
‘स्वतंत्र मालिका’ म्हणता आलं असतं, पण मराठीत ‘स्वतंत्र’ म्हणजे अनुवादित किंवा रूपांतरित नसलेलं. स्वतंत्र नाटक, स्वतंत्र कादंबरी. “आयर्न फिस्टची स्वतंत्र मालिका” वाचून कोणी म्हणेल, मग आधीची काय भाषांतरित होती? ‘एकहाती’त फलंदाजी दिसते. ‘एकखांबी’ला लगेच तंबू चिकटतो. साधं “केजच्या एकट्याच्या नावाची मालिका” लिहा, लांब आहे पण अडखळायला होत नाही.

व्युत्पत्तीखोर
टीम-अपसाठी ‘जोडगोळी’सारखा जिवंत शब्द असताना ‘सहनायकी’ कशाला घडवायचा? बंदुकीत दोन गोळ्या ठासून एकाच बारात उडवायच्या, ती जोडगोळी. दोन माणसं, एक नेम.

शुद्धमती
ही व्युत्पत्ती कानाला गोड आहे, एवढंच. शब्द फोडला की प्रत्येक वेळी अर्थ बाहेर पडतो असं नाही.

काकदृष्टी
व्युत्पत्ती राहू द्या, अडचण वेगळीच आहे. इंग्रजीत ‘टीम-अप’ या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही दोघंही त्यांना एकाच शब्दात कोंबताय.

पहिली गोष्ट ‘मार्व्हल टीम-अप’. मार्च १९७२ ते फेब्रुवारी १९८५, १५० अंक. बहुतेक अंकांत स्पायडर-मॅन कायम आणि जोडीदार बदलता. काही अंकांत त्याच्या जागी ह्यूमन टॉर्च किंवा हल्क, तरी रचना तीच. एक यजमान, एक पाहुणा, अंक संपला की पाहुणा आपल्या घरी. मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी, तिच्या ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’मध्ये क्र. ७४ पासून क्र. २०० पर्यंत यजमान बॅटमॅन. ‘मार्व्हल टू-इन-वन’मध्ये थिंग, जानेवारी १९७४ ते जून १९८३, बरोबर १०० अंक. दुसरी गोष्ट ‘पॉवर मॅन अँड आयर्न फिस्ट’. इथे पाहुणा कोणीच नाही, दोघंही घरचे, धंद्यातले भागीदार.

जोडगोळी या दुसऱ्या प्रकाराला चपखल आहे. पहिल्याला अजिबात नाही. दर महिन्याला साथीदार बदलणाऱ्याला जोडगोळी म्हणत नाहीत.

टिंबटिंब
पहिल्यासाठी ‘युती’. राजकारणातली नव्हे, पंचांगातली. दोन ग्रह काही काळ आकाशात जवळ दिसतात आणि आपापल्या वाटेने पुढे जातात. ‘मार्व्हल टीम-अप’चं यापेक्षा नेमकं वर्णन होणार नाही. ‘युती-मालिका’.

सावळागोंधळ
महाराष्ट्रात ‘युती’ लिहून वाचकाने आकाशाकडे बघावं अशी अपेक्षा! पहिला प्रश्न येणार, जागावाटप कसं झालं?

टिंबटिंब
राजकारणातही शब्द कामाचाच आहे. दोघांची असते ती युती, अनेकांची ती आघाडी. म्हणजे ‘अ‍ॅव्हेंजर्स’सारख्या चमूच्या मालिकेला आघाडी-मालिका. तीन प्रकार, तीन शब्द, इंग्रजीपेक्षा आपलीच व्यवस्था नीट.

शुद्धमती
मग ‘सहनायकी’ नको आणि ‘आघाडी’ हवी? तुमचं शुद्धतेशी भांडण आहे की फक्त माझ्याशी?

दगडी छाप
दोघांनीही एक गोष्ट बघा. हे प्रकार एकमेकांत मिसळतात आणि तिथे कुठलाही एक शब्द तोकडा पडतो. आयर्न फिस्टचंच घ्या. मे १९७४ च्या ‘मार्व्हल प्रीमियर’ क्र. १५ ला आला, म्हणजे नवा नायक चालतो का हे बघायच्या चाचणीच्या मालिकेत. क्र. २५ पर्यंत तिथे. नोव्हेंबर १९७५ पासून त्याच्या एकट्याच्या नावाची मालिका, १५ अंकांत, सप्टेंबर १९७७ ला बंद. गोष्ट मात्र अर्धी राहिलेली. ती कुठे पुरी केली? ‘मार्व्हल टीम-अप’ क्र. ६३ आणि ६४ मध्ये. लेखक क्लेअरमाँट आणि चित्रकार बर्न, तीच जोडी. म्हणजे ती युती नव्हे, बंद पडलेल्या मालिकेची पुरवणी. तिथून तो ‘पॉवर मॅन’ क्र. ४८ आणि ४९ मध्ये आला, तेव्हा पाहुणा होता. क्र. ५० ला घरचा झाला. अनुवादकाने क्र. ४८ लाच ‘जोडगोळी’ लिहिलं तर ते दोन अंक घाईचं ठरेल.

उलट दिशाही आहे. थिंगचं ‘टू-इन-वन’ जून १९८३ ला संपलं आणि जुलै १९८३ ला ‘द थिंग’ क्र. १ निघाला. युतीतून एकट्याकडे, आणि इथे क्रमांकही नवा.

व्युत्पत्तीखोर
‘सप्टेंबर १९७७ ला बंद’ यावर एक. इंग्रजी ‘कॅन्सल’चं हल्ली ‘मालिका रद्द झाली’ करतात. रद्द होते ती गाडी किंवा सभा, म्हणजे जी व्हायची होती आणि झालीच नाही. १५ अंक निघालेली मालिका रद्द कशी होईल? ती बंद पडते. नियतकालिकं मराठीत पिढ्यान्‌पिढ्या बंदच पडत आली आहेत, या शब्दाचा अनुभव आपल्याइतका कोणाला असणार?

काकदृष्टी
‘बंद पडली’ आणि ‘बंद केली’ यांतही फरक करा. ‘टू-इन-वन’ बंद केलं, जागा दुसऱ्या मालिकेला द्यायची होती म्हणून.

टिंबटिंब
‘व्हॉल्यूम’चा खड्डा राहिला. याचा ‘खंड’ करू नका. मराठी मासिकांवर ‘वर्ष २३, अंक ५’ असतं, तिथे वर्ष बदललं की अंक १ पासून. मार्व्हलच्या त्या काळच्या अंकांत पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात कायदेशीर मजकूर असे. आपल्याकडे ‘मालक, मुद्रक, प्रकाशक’वाली प्रिंटलाइन असते तसा. त्यात व्हॉल्यूम १ वर्षानुवर्षं तसाच राही. चाहत्यांच्या भाषेत व्हॉल्यूम बदलतो तो क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाला की. त्याला ‘फेरी’ म्हणा, पहिली फेरी, दुसरी फेरी. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ची दुसरी फेरी जानेवारी १९९९ च्या अंकापासून. तिचे ५८ अंक झाले, मग जुन्या ४४१ मध्ये ते मिळवले, ४९९ झाले, आणि डिसेंबर २००३ चा अंक थेट क्र. ५०० म्हणून काढला. इथे ‘खंड’ लिहिलात तर वाचक जाडजूड बांधीव पुस्तक शोधत बसेल.

सावळागोंधळ
इंद्रजाल कॉमिक्सनेही आधी सलग क्रमांक चालवले आणि १९८० च्या दशकात वर्ष-क्रमांकाच्या पद्धतीवर गेले. वेताळाच्या यादीत तिथे सांधा जुळवताना आजही चुका होतात.

शुद्धमती
वेताळ! ‘फँटम’चा ‘वेताळ’ करणाऱ्यांना शब्द सापडले, आपल्याला ‘सोलो’ अडतोय.

दगडी छाप
‘वेताळ’ हे भाषांतर नव्हतं, नवं बारसं होतं. तसं करायचं तर ‘हीरो फॉर हायर’चं काय कराल? ‘भाडोत्री नायक’ म्हटलं तर भाडोत्री गुंडाच्या पंगतीला जाऊन बसतो.

व्युत्पत्तीखोर
‘मोलाचा नायक’?

काकदृष्टी
तो फार चांगला माणूस वाटतो. मोलाने काम करणारा आणि मोलाचा, यांत एका प्रत्ययाचं अंतर आहे.

सावळागोंधळ
‘नायक मिळेल, दर ठरवून.’ रिक्षामागे रंगवता येईल.

खिळेजुळारी
आभार. वाक्य सध्या असं आहे: “एप्रिल १९७८ च्या अंकापासून (क्र. ५०) ‘पॉवर मॅन’च्या नावात आयर्न फिस्टची भर पडली आणि केजची एकट्याची मालिका जोडगोळीची झाली.” आता पुढचं वाक्य. जोडगोळीची झाल्यावर ही मालिका आधी दोन महिन्यांतून एकदा निघे, १९८१ मध्ये दरमहा निघू लागली. मूळ इंग्रजी लेखात ‘बाय-मंथली’ आहे, मी ‘द्वैमासिक’ केलं. तपासणाऱ्यांनी ‘पाक्षिक’ केलं.

काकदृष्टी
पाक्षिक कसं होईल? एप्रिल १९७८ ला क्र. ५० आणि डिसेंबर १९८० ला क्र. ६६. ३२ महिन्यांत १६ अंक. इंग्रजी शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात, मराठीत ती पळवाट नाही. भागाकार करून दाखवा त्यांना.

शुद्धमती
‘दरमहा’ नको, ‘प्रतिमास’.

टिंबटिंब
झालं सुरू.